जुनं दुःख, नवं माणूस



आजचा विषय लोक माझ्याशी आवाज खाली करून बोलतात. जोडीदार गेलेला असतो, दोन-चार वर्षं लोटलेली असतात आणि आयुष्यात कोणीतरी नवं माणूस येतं. बोलावंसं वाटतं, वाट पाहावीशी वाटते, आणि त्याच क्षणी पोटात गोळा येतो. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, झाशी, जिथे जिथे मराठी फौजी घरं आहेत तिथून हा प्रश्न माझ्यापर्यंत आलेला आहे. आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच वाक्याने सुरू होतो: "साहेब, पेन्शन बंद होईल का?"

बाहेरचा माणूस म्हणेल, बघा, हिला पैशाचीच पडली आहे. तसं नसतं. पेन्शनचा प्रश्न उघडपणे विचारता येतो, म्हणून तो आधी येतो. त्याच्या मागे आणखी तीन प्रश्न असतात. गेलेल्या माणसाशी मी बेइमानी करते आहे का? सासरचं, माहेरचं, मुलांचं नातं टिकेल का? आणि सगळं फिसकटलं तर मी कुठे उभी राहणार? म्हणून आज दुःख, घर आणि कागद या क्रमाने बोलू. ऐकणाऱ्यांत विधुर पुरुषही आहेत, त्यांच्याकडेही येतो.

दुःखाची स्टेशनं नसतात

एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं पुस्तक १९६९ साली आलं. त्यातल्या दुःखाच्या पाच पायऱ्या आता सगळ्यांना पाठ आहेत: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. पण ते पुस्तक मरणाच्या दारातल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आलं होतं. मागे राहिलेल्यांना त्या पायऱ्या नंतर लावल्या गेल्या. त्यातून असा समज पसरला की दुःख म्हणजे रेल्वेचा प्रवास आहे, 'स्वीकार' हे शेवटचं स्टेशन आलं की उतरायचं आणि मगच दुसऱ्या गाडीत बसायचं. म्हणून लग्न ठरल्यावर एखाद्या बाईला पहिल्या नवऱ्याच्या आठवणीने रडू आलं की घरचे म्हणतात, "अजून तयार नाही दिसत." आणि ती हसली की तेच लोक म्हणतात, "इतक्यात विसरली."

१९९९ साली नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की माणूस दोन कामांत सतत ये-जा करत असतो. एक काम गेलेल्याचं दुःख करण्याचं, दुसरं पुढचं आयुष्य उभं करण्याचं: बँक, शाळा, नवी नाती. ही ये-जा होत राहणं हेच तब्येतीचं लक्षण. मला यात पहारा दिसतो. चोवीस तास एकाच माणसाला पहाऱ्यावर ठेवलं तर तो कोसळतो, म्हणून पाळ्या लावतात. दुःखालाही पाळी लागते. नव्या माणसासोबत चहा घेताना हसणं ही विश्रांतीची पाळी आहे. ती घेतली म्हणून पहारा सोडला असं होत नाही.

आणखी एक गोष्ट. पूर्वी पाश्चात्त्य मानसशास्त्रात 'मृताशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही' असा विचार जोरात होता. १९९६ साली डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांच्या पुस्तकाने त्याला उत्तर दिलं: नातं तुटत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं. आपल्याला हे पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. पितृपंधरवडा, पुण्यतिथी, फोटोला हार, पहिला घास बाजूला काढणं, हे सगळं तेच आहे. पण गंमत अशी की बाईने दुसरं लग्न केलं की आपण हे शहाणपण विसरतो आणि तिने तो फोटो भिंतीवरून उतरवावा अशी अपेक्षा धरतो.

काळी ट्रंक

फौजी घरात दुःखाला एक ठरावीक वस्तू असते. जवान गेला की त्याचं सामान काळ्या ट्रंकेतून घरी येतं. वरच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत गणवेश, बूट, दाढीचं सामान, पत्रं, कधी मुलासाठी घेतलेलं खेळणं. ही ट्रंक अनेक घरांत वर्षानुवर्षं पलंगाखाली असते.

बेळगाव भागातल्या एका घराची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. नवरा नाईक होता, उत्तरेत ड्यूटीवर असताना गेला. ती एकोणतिसाची, मुलगा चार वर्षांचा. शाळेसाठी ती तालुक्याच्या गावी राहायला आली. तिथे पोस्टात काम करणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. दोन वर्षं दोघं फक्त बोलत होते. लग्नाचं ठरल्यावर पहिलं भांडण झालं ते ट्रंकेवरून. तो म्हणाला, नव्या घरात ही नको. ती गप्प झाली आणि आठवडाभर तिने फोन उचलला नाही.

तो वाईट माणूस नव्हता. जिवंत माणसाशी तुलना झाली तर माणूस काहीतरी करून दाखवू शकतो. शहीद झालेल्या माणसाशी तुलना झाली तर काय करणार? गावात ज्याचं स्मारक आहे, त्याच्यापुढे पोस्टातला कारकून कायम उणाच. हे त्याने बोलून दाखवलं तेव्हा गाठ सुटायला लागली. तिने त्याला सांगितलं की तो स्मारकातला माणूस मलाही ओळखीचा नाही. माझा नवरा घोरायचा, उधारी ठेवायचा आणि सुट्टीवर आला की पहिले चार दिवस नुसता झोपायचा. मग त्यानेही आपल्या गेलेल्या बायकोबद्दल पहिल्यांदा मोकळं बोलायला सुरुवात केली. ट्रंक नव्या घरात आली. मुलाच्या खोलीत ठेवली, कारण ती आता मुलाची आहे.

यातून घेण्यासारखं इतकंच: नव्या माणसाने गेलेल्याचं नाव स्वतःहून घ्यावं. ते नाव घरात बंदी असलेलं झालं, तर ते प्रत्येक भांडणात येऊन बसतं. पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, स्मारकाचा कार्यक्रम या तारखा दोघांनी आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. त्या दिवशी ती कुठे जाणार, तो सोबत येणार की घरी थांबणार, हे आधी ठरलं तर ऐन वेळी मन दुखावत नाही.

एक इशाराही देतो. दुःख वर्षानंतरही तितकंच धारदार असेल, झोप-जेवण-काम होत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ती लांबलेल्या दुःखाची वैद्यकीय अवस्था असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला स्थान आहे, अमेरिकन मनोविकार संघटनेनेही २०२२ मध्ये ती आपल्या यादीत घेतली. अशा वेळी लग्न हा उपचार नव्हे. आधी डॉक्टर. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

सासूचं दुःख वेगळं असतं

आता घराकडे येऊ. सून दुसरं लग्न करते म्हटल्यावर सासू-सासरे विरोध करतात आणि आपण त्यांना जुन्या वळणाचे म्हणून मोकळे होतो. जरा थांबा. बायकोला दुसरा नवरा मिळू शकतो, आईला तो मुलगा परत मिळत नाही. सून त्या घरात आहे तोवर मुलाचं काहीतरी घरात आहे. ती गेली की नातू गेला, आणि मुलगा दुसऱ्यांदा गेला. विरोधाच्या मुळाशी बहुतेक वेळा ही भीती असते. ती पैशाच्या, अब्रूच्या, जातीच्या भाषेत बोलली जाते, कारण भीती बोलायची सवय आपल्याला नाही.

पैशाचा भागही खोटा नाही. जवान गेल्यावर कुटुंब पेन्शनचा पहिला हक्क पत्नीचा. आईवडिलांना पेन्शन मिळते ती पत्नी आणि पात्र मुलं नसतील, आणि ते मुलावर अवलंबून असतील तर. विम्याची रक्कम नामनिर्देशनाप्रमाणे जाते; जवानाने लग्नानंतर फक्त पत्नीचं नाव लिहिलं असेल तर आईवडिलांच्या हातात थेट काही येत नाही. काही राज्यं सानुग्रह रक्कम पत्नी आणि आईवडिलांत वाटून देतात. २०२४ साली एका शहीद अधिकाऱ्याच्या आईवडिलांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि देशभर दोन तट पडले. मला दोन्ही तट अपुरे वाटले. सून लोभी आणि सासू दुष्ट, असं मानलं की विचार करावा लागत नाही.

मालमत्तेचा कायदा मात्र स्पष्ट आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलं आणि आई यांना सारखा वाटा असतो. आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील नाहीत. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. आईचा वाटा आधीच कागदावर नीट दिला, तर पुढचं अर्धं भांडण होत नाही. जे जवान अजून नोकरीत आहेत आणि हे ऐकत आहेत, त्यांना माझं सांगणं: विमा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात टक्के लिहिता येतात. आजच लिहा. तुमच्यामागे बायको आणि आई यांना एकमेकींकडे मागत बसायला लावू नका.

बेळगावच्या त्या घरात सासरे मानले. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: नातू दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी येईल, आणि त्याच्या वाट्याची जमीन विकली जाणार नाही. दोन्ही मान्य झाल्या. सासूबाई आजही सुनेशी बोलत नाहीत. नातवाचा फोन आला की त्या बोलतात, तिने घेतला की फोन शेजारणीकडे देतात. सहा वर्षं झाली. ती दर संक्रांतीला तिळगूळ पाठवते. तो परत येत नाही, इतकंच ती मला सांगते.

दिराशी लग्न

फौजी घरात एक तोडगा हमखास सुचवला जातो: दिराशी लग्न लावा. घरची सून घरात, पेन्शन घरात, नातू घरात. पंजाब-हरियाणात याला 'चादर डालना' किंवा करेवा म्हणतात. आपल्याकडेही अनेक जातींत विधवेचा पाट लावायची चाल होती, त्यामुळे ब्राह्मणी घरांइतका विधवाविवाह तिथे नवलाचा नव्हता.

दोघांची मनापासून इच्छा असेल तर यात वाईट काही नाही. पण शासनाचे नियमही बराच काळ याच बाजूला झुकलेले होते. शौर्यपदकासोबत मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केला की थांबत असे. फक्त तिने दिराशी लग्न करून त्याच घरात एकत्र राहायचं ठरवलं तर तो चालू राही. म्हणजे परमवीर किंवा वीरचक्र मिळवणाऱ्याच्या पत्नीला सरकार सांगत होतं की नवरा कोणता निवडायचा. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली गेली. आता तिने कोणाशीही लग्न केलं तरी पदकाचा भत्ता तिला आयुष्यभर मिळतो. हा बदल अनेक घरांत अजून पोचलेला नाही. "दिराशी केलंस तरच मिळेल" असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर ते जुनं आहे.

कागद: पेन्शनचं खरं काय

कुटुंब पेन्शन तीन प्रकारची असते आणि पुनर्विवाहाचा परिणाम प्रकारानुसार बदलतो. पहिली सामान्य कुटुंब पेन्शन, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के दराची. मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल तेव्हा ती मिळते. दुसरी विशेष, ६० टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर. तिसरी उदारीकृत, शेवटच्या पगाराइतकी. युद्धात किंवा तशा कारवाईत मृत्यू झाला असेल तर. तुमची कोणती आहे हे पीपीओवर लिहिलेलं असतं. तो कागद आधी काढा.

विशेष आणि उदारीकृत पेन्शनमध्ये नियम सोपा आहे. विधवेने पुनर्विवाह केला आणि ती मुलांना सांभाळत राहिली, तर पूर्ण पेन्शन तिच्याकडेच राहते. मूल नसेल तरी पूर्ण पेन्शन चालू राहते. मुलांना सोडून गेली तर तिचा भाग सामान्य पेन्शनइतका खाली येतो आणि मुलांचा भाग वेगळा काढला जातो. सामान्य पेन्शनमध्ये कडक आहे: मुलं असतील तर पुनर्विवाहानंतर पेन्शन पात्र मुलांकडे जाते. मूल नसलेल्या विधवेला मात्र पुनर्विवाहानंतरही ती मिळत राहते, जोवर तिचं दुसरं उत्पन्न किमान कुटुंब पेन्शन आणि त्यावरचा महागाई दिलासा यांच्या मर्यादेत आहे. ही सवलत २००६ पासून लागू आहे.

हे न कळल्यामुळे काय होतं ते सांगतो. मी पाहिलेली सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे लपवलेलं लग्न. देवळात हार घालतात, नोंदणी करत नाहीत, आणि बाई दरवर्षी 'पुनर्विवाह केलेला नाही' या प्रमाणपत्रावर सही करत राहते. पुढे कोणी भाऊबंद तक्रार करतो. मग दिलेल्या पैशांची वसुली निघते, आणि त्याच वेळी दुसऱ्या नवऱ्याच्या घरात तिचं स्थान सिद्ध करायला कागद नसतो. दोन्हीकडून ती मोकळी. यातल्या कित्येक जणींची पेन्शन उदारीकृत असते, म्हणजे लग्न उघड केलं असतं तरी एक रुपया कमी झाला नसता! भीतीपोटी सगळं घालवलं.

म्हणून लग्नाआधी पीपीओ आणि मुलांच्या जन्मदाखल्यांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. महाराष्ट्राबाहेर त्यालाच काही ठिकाणी जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात. रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. लग्न झालं की नोंदणी करा आणि कळवा. शिपाई ते हवालदार हुद्द्यांच्या विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पुनर्विवाहाला अनुदानही मिळतं. त्याचीही तिथेच चौकशी करा.

गावात आणखी एक वाक्य ऐकू येतं: "दुसरं लग्न केलं की पहिल्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला." हे वाक्य आलं कुठून? १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातून. त्या कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क, जणू ती मेलीच असावी, तसा संपवला. पुढे विष्णुशास्त्री पंडितांनी १८६६ मध्ये विधवाविवाहासाठी मंडळ काढलं, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. पण मालमत्तेची ही तरतूद तशीच होती. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा केला. जुना कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. एकदा तिच्या नावावर आलेला वाटा लग्नाने जात नाही.

नाव कोणाचं लावायचं

लहान मूल असेल तर तिसरी परीक्षा शाळेच्या दाखल्यावर होते. वडिलांचं नाव कोणतं? आडनाव कोणतं? आंध्रातल्या एका खटल्यात आजी-आजोबांनी नातवाच्या ताब्यासाठी न्यायालयात धाव घेतली होती. वडील गेले तेव्हा मूल अडीच महिन्यांचं होतं, आईने पुढे लग्न केलं आणि मुलाला नव्या घराचं आडनाव दिलं. उच्च न्यायालयाने जुनं आडनाव परत लावायला आणि कागदांत आईच्या नव्या पतीचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करायला सांगितलं. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वडिलांच्या पश्चात आई ही मुलाची नैसर्गिक पालक आहे, आडनाव ठरवण्याचा अधिकार तिचा, आणि कागदावर 'सावत्र' असा शिक्का मारणं मुलाच्या मनावर क्रूर आघात आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

कायदा आईच्या बाजूने आहे हे चांगलं. पण मुलाला विचारायला हवं, तेही वयाप्रमाणे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला बापाचं नाव हा बापाचा शेवटचा ठेवा वाटू शकतो. आडनाव बदललं नाही म्हणून नवा बाप परका होत नाही. आणि लक्षात ठेवा, आईच्या लग्नाने मुलाचा जन्मदात्या वडिलांच्या मालमत्तेतला हक्क जात नाही. उलट नव्या वडिलांच्या मालमत्तेत ते मूल आपोआप वारस होत नाही. त्यासाठी दत्तकविधान किंवा मृत्युपत्र लागतं.

साठीनंतरचा जीव

आता विधुरांकडे. माझा एक बॅचमेट, पत्नी कर्करोगाने गेली, इंदूरला एकटा. मराठी मंडळात एका विधवा बाईंशी मैत्री झाली. मुलगी बंगळुरूहून रोज रात्री नऊला फोन करायची. त्याने हे सांगितलं त्या दिवसापासून फोन बंद. तो म्हणाला, "मी मेलो असतो तर तिला एवढं वाईट वाटलं नसतं." मी म्हटलं, तिला आई गेल्याचं दुःख आहे, आणि तू एकटाच तिचा साक्षीदार आहेस. तूही दुसरीकडे पाहू लागलास तर आईला ओळखणारं कोण उरलं?

मोठ्या मुलांची दुसरी भीती घराची असते आणि ती निराधार नाही. मृत्युपत्र नसेल तर दुसऱ्या पत्नीला प्रत्येक मुलाइतकाच वाटा मिळतो. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या पत्नीलाही कुटुंब पेन्शन मिळते, मात्र तिचं नाव पीपीओत चढवून घ्यावं लागतं. ही माहिती मुलांपासून लपवली की संशय वाढतो. माझ्या मित्राने मृत्युपत्र केलं: आईचे दागिने मुलीला, घर मुलीला, पण नव्या पत्नीला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क. मुलगी लग्नाला आली नाही. दिवाळीला आली.

काही जण म्हणतात, कशाला लग्न, नुसतं सोबत राहू. ती तुमची मर्जी. फक्त हे ध्यानात ठेवा की पेन्शन आणि ईसीएचएसचा दवाखाना कायदेशीर जोडीदारालाच आहे. आयसीयूच्या दारात सही कोण करणार, हेही आधी ठरवून लिहून ठेवा.

सगळे बोलले, ती सोडून

शेवटी एक जाहीर झालेली गोष्ट. १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी उत्तर प्रदेशातला एक जवान लग्नानंतर थोड्याच दिवसांत आघाडीवर गेला आणि बेपत्ता झाला. आधी तो पळून गेला असं नोंदवलं गेलं. तो पाकिस्तानच्या कैदेत होता. घरच्यांनी काही वर्षांनी त्याच्या पत्नीचं दुसरं लग्न लावून दिलं. २००४ च्या ऑगस्टमध्ये तो परतला तेव्हा ती गरोदर होती, दुसऱ्या नवऱ्याच्या मुलाची आई होणार होती. मग गावकरी, मौलवी, नातेवाईक आणि टीव्हीचे कॅमेरे जमले. तिने कुठे जायचं यावर सगळ्या देशासमोर चर्चा झाली आणि ती पहिल्या नवऱ्याकडे गेली. २००६ च्या सुरुवातीला, ऐन विशीत, ती दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात वारली.

माणूस आहे की नाही हेच न कळणाऱ्या या दुःखाला पॉलीन बॉस या अभ्यासिकेने 'संदिग्ध वियोग' म्हटलं. त्यांचं सुरुवातीचं काम व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांवरच होतं. आपल्या कायद्यात सात वर्षं काही खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो. पण या मुलीच्या बाबतीत मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट खटकते. त्या चर्चेत कोणाचं चुकलं, कोणाचा हक्क पहिला, धर्म काय सांगतो, हे सगळं विचारलं गेलं. तिला एकटीला, शांतपणे, कॅमेऱ्याशिवाय, "तुला काय हवंय?" असं विचारायला कोणाला वेळ मिळाला नाही.

कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. राज्य सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. हे मोठं पाऊल आहे. पुढचं पाऊल आपल्या घरात आहे. पंधरा ऑगस्टला आपण वीरपत्नीला साडी-नारळ देऊन खुर्चीवर बसवतो. तिने लग्न केलं की पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. तिचा नवरा देशासाठी गेला, ही गोष्ट तिच्या दुसऱ्या लग्नाने बदलते का? येत्या झेंडावंदनाची यादी करणारे कोणी हे वाचत असतील, तर गळलेली नावं पुन्हा लिहा, आणि पत्रिकेवर दोघांची नावं घाला.

पुढच्या भागात पीपीओ कसा वाचायचा आणि त्यातल्या चुका कशा दुरुस्त करून घ्यायच्या, ते ओळीओळीने पाहू. जय हिंद.